सेवेच्या आलेखावर नोंदी: काय लिहावं, कुणी लिहावं, कधी लिहावं?

रातपाळी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात मालवाहतुकीशी संबंधित एका सॉफ्टवेअर सेवेच्या ऑपरेशन्स टीममध्ये आहे. ग्राफानावर (आकड्यांचे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) आमचा उपलब्धतेचा आलेख आहे. दर मिनिटाला आलेल्या विनंत्यांपैकी किती जणांना धड उत्तर गेलं, त्याची टक्केवारी. ग्राहकाशी करार ९९.९ टक्क्यांचा, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं १२ सेकंदांची मुभा. ऐकायला बरी वाटते, पण एका फसलेल्या रिलीजमध्ये (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवण्यात) सगळी उडून जाते.

महिन्याच्या सुरुवातीला हा आलेख ग्राहकासमोर जातो. तिथे एकेका खड्ड्यावर (रेषा खाली गेलेल्या जागेवर) बोट ठेवून ‘हे काय झालं होतं?’ असं विचारतात. तोवर कुणाला काही आठवत नसतं. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उपसा, मेल शोधा, त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं त्याला फोन लावा.

यावर साहेबांचं फर्मान निघालंय की आलेखावर प्रत्येक खड्ड्याला शेरा हवाच. कल्पना चांगली आहे, पण प्रत्यक्षात काय उतरलं ते बघा. गेल्या तिमाहीतले शेरे जसेच्या तसे देतो:

‘नेटवर्क इश्यू’
‘क्लायंट साइड’
‘लोड जास्त’
‘रिझॉल्व्ड’
‘डीबी स्लो, नाऊ ओके’

‘रिझॉल्व्ड’ हा माझा लाडका. काय रिझॉल्व्ह झालं ते देव जाणे.

टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, नोंद मोघमच ठेवा, ग्राहक वाचतो. दुसरा म्हणतो, मग ठेवताच कशाला? शिवाय एक कुजबुज अशी की शेरा लिहिला की तो खड्डा ‘माफ’ धरून टक्केवारीतून काढता येईल. मला हे पटत नाही, पण वाद घालायला हातात काही नाही.

तुमच्याकडे ही पद्धत कशी आहे? आयटीतलेच पाहिजेत असं नाही. जिथे कुठे सेवा मोजतात तिथल्यांनी लिहा.

---

खटपट्या

चांगला विषय. आधी यांत्रिक भाग उरकून टाकतो.

ग्राफानात आलेखावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की त्या क्षणावर नोंद टाकता येते. कंट्रोल धरून ओढलं तर ‘अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत’ असा पट्टा होतो. आउटेजला (सेवा बंद पडली त्या काळाला) नेहमी पट्टा वापरा, एकच उभी रेघ पुरत नाही. प्रत्येक नोंदीला टॅग लावता येतात, ते लावाच: रिलीज, कॉन्फिग, डेटाबेस, बाहेरचा पुरवठादार, मोजणी. नंतर टॅगनुसार नोंदी दाखवता-लपवता येतात.

रिलीजच्या नोंदी माणसाने टाकायच्याच नाहीत. रिलीज आपोआप चढवणाऱ्या पाइपलाइननेच ग्राफानाच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दाराला) हाक मारून नोंद टाकावी. इथे एक जागा अशी आहे की पहिल्यांदा करणारा हमखास अडखळतो. ग्राफानाला वेळ मिलिसेकंदांत हवी असते. शेल स्क्रिप्टमधली नेहमीची ‘डेट’ कमांड सेकंद देते. हजाराने गुणायचं राहिलं तर नोंद पडते, एररही येत नाही, आणि ती आलेखावर दिसतही नाही, कारण ती जानेवारी १९७० मध्ये (संगणकाची वेळ तिथून मोजतात) जाऊन बसलेली असते. आजचा आकडा टाकलात तर साधारण विसाव्या-एकविसाव्या तारखेला. नोंदी ‘गायब’ होत असतील तर आधी तिकडे डोकवा.

दुसरं म्हणजे या नोंदी ग्राफानाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात, मोजलेले आकडे साठवणाऱ्या प्रोमिथियसमध्ये नाही. वेगळी मुदत सांगितली नसेल तर प्रोमिथियस १५ दिवसांपेक्षा जुने आकडे टाकून देतो. म्हणजे मुदत वाढवली नसेल तर नोंद राहील आणि तिच्याखालचा आलेख कोरा दिसेल. याच्या उलटही होतं. ग्राफाना कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायच्या तात्पुरत्या खोक्यात) एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतोय आणि व्हॉल्यूम (कायमची साठवण) जोडलेला नाही, अशा वेळी कंटेनर नव्याने उभा राहिला की सगळ्या नोंदी पुसल्या जातात. लिहिण्याची शिस्त लावण्याआधी हे दोन्ही तपासून घ्या.

---

टिवल्याबावल्या

आमच्याकडे हा प्रयोग झालाय. दिवसाला वीस-पंचवीस रिलीज. प्रत्येकाची एक उभी रेघ. आठवड्याचा आलेख उघडला की रेघांचं कुंपण, मागची रेषा दिसतच नाही. शेवटी सगळ्यांनी नोंदींचा टॉगल बंद केला तो आजतागायत बंद आहे.

माझं स्पष्ट मत: आलेख आलेखासारखा राहू द्या. काय घडलं ते इन्सिडेंट रिपोर्टमध्ये असतंच की.

---

खटपट्या

टिवल्या, रिलीजच्या रेघा मुळात बंदच ठेवायच्या आणि तपास करताना उघडायच्या, त्यासाठीच तर टॅग. कायम दिसायला हव्यात त्या महिन्यातल्या चार-पाच मोठ्या.

आणि इन्सिडेंट रिपोर्ट कुणी उघडतं का? आलेख पाहणारा माणूस आलेखापाशीच असतो. नोंदीत रिपोर्टची लिंक टाकली तर एखादा तरी तिथवर जातो.

---

फीडर_इन्चार्ज

रातपाळी, तुम्ही ‘आयटीतलेच पाहिजेत असं नाही’ म्हणालात म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी वीज वितरणात गेली, आता निवृत्त आहे. तुमचा सर्व्हर आणि आमचा ११ केव्ही फीडर (सबस्टेशनमधून निघणारी वीजवाहिनी) यांची दुखणी फार वेगळी नसावीत.

सबस्टेशनमध्ये ऑपरेटरच्या टेबलावर लॉगशीट असते. दर तासाला व्होल्टेज आणि प्रत्येक फीडरचे अँपिअर लिहायचे, आणि उजवीकडे शेऱ्याचा रकाना. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या पहिल्या पावसात तो रकाना साधारण असा भरतो (ट्रिप म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या रिलेच्या इशाऱ्यावर फीडर आपोआप बंद होणं, ट्रायल म्हणजे पुन्हा जोडून बघणं, होल्ड म्हणजे तो टिकणं, परमिट म्हणजे लाइनवर काम करायची परवानगी):

१४.१० – फीडर ट्रिप. रिले: अर्थ फॉल्ट. वारा, पाऊस सुरू.
१४.१४ – ट्रायल घेतली. होल्ड नाही.
१४.२० – सेक्शनच्या लाइनमनला कळवले. पेट्रोलिंग सुरू.
१५.४५ – ओढ्यापलीकडच्या पोलवर पिन इन्सुलेटर तडकलेला. परमिट दिले.
१६.३० – परमिट परत. फीडर चार्ज, होल्ड. लोड ६० अँपिअर.

हे पुन्हा एकदा वाचा. १४.१० च्या ओळीत ‘पावसामुळे ट्रिप’ असं लिहिलेलं नाही. रिलेवर कुठला फ्लॅग (बिघाडाचा प्रकार दाखवणारी खूण) पडला ते लिहिलंय आणि बाहेर पाऊस आहे ते लिहिलंय. दोन्ही गोष्टी ऑपरेटरने डोळ्यांनी पाहिल्या. कारण कळलं पावणेचारला, तेव्हा ते वेगळ्या ओळीत आलं. वरची ओळ कुणी खोडली नाही.

ऑपरेटरने दोन वाजून दहा मिनिटांनी ‘पावसामुळे’ लिहून टाकलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. वरिष्ठांनी ‘पाऊस, बरं’ म्हणून पान उलटलं असतं. पण खरी गोष्ट अशी की उन्हाळाभर तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पहिल्या पावसाचं गार पाणी पडलं की तो तडकतो. तडा गेला की त्यातून पाणी शिरून करंट जमिनीकडे वाट काढतो आणि अर्थ फॉल्टवर फीडर जातो. पावसाला कुणी थांबवू शकत नाही. इन्सुलेटर मात्र बदलता येतो. दोन-तीन वर्षांच्या लॉगशीट समोर ठेवल्या आणि त्याच सेक्शनमध्ये ‘तडकलेला इन्सुलेटर’ पुन्हा पुन्हा दिसला, की तेवढ्या पट्ट्यात पॉलिमरचे बसवा म्हणून प्रस्ताव टाकता येतो. ‘पावसामुळे’ या शेऱ्यावर कुठला प्रस्ताव टाकणार?

तुमच्या यादीतला ‘नेटवर्क इश्यू’ मला त्या ‘पावसामुळे’चा सख्खा भाऊ वाटतो.

---

रातपाळी

काका, तुमची लॉगशीट उद्या टीमच्या ग्रुपवर टाकतोय, हरकत नसेल तर.

एक शंका. तुमच्याकडे ऑपरेटर टेबलापाशी बसलेला असतो. आमच्याकडे रात्री दोनला पेजर वाजतो तेव्हा माणूस झोपेतून उठून लॅपटॉप उघडतो. त्याने आधी आग विझवायची की नोंद लिहायची?

---

फीडर_इन्चार्ज

खुशाल टाका.

आमच्या ऑपरेटरलाही ब्रेकर हाताळायचा असतो, फोन घ्यायचे असतात, दारात गावकरी उभे असतात. म्हणूनच ओळ चार-पाच शब्दांची. वेळ आणि काय दिसलं, बस्स. नंतर निवांत लिहू म्हटलं की वेळा अंदाजाने पडतात, आणि सगळ्या घटना बरोबर अर्ध्या तासावर घडल्यासारख्या दिसू लागतात. लॉगशीटमध्ये १४.००, १४.३०, १५.०० अशाच वेळा दिसल्या तर तपासणीला आलेला माणूस लगेच ओळखतो की हे संध्याकाळी बसून लिहिलंय.

---

नूपुर_ऑन_कॉल

रात्री दोनच्या प्रश्नावर आमचा तोडगा: घटनेचं चॅट चॅनल उघडलं की एका बॉटला ‘नोंद’ म्हणून जे लिहाल ते त्या क्षणाच्या वेळेसह आलेखावर जातं. माणसाला वेगळं काही उघडावं लागत नाही. ‘डेटाबेसची जोडणी संपली, रेप्लिका वाढवतोय’ एवढं चॅटवर आपण लिहितोच. तेच तिकडेही जातं.

---

चाकणकर

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. तुम्ही ज्याचा शोध लावताय ते आमच्याकडे मशीनला टांगलेलं असतं.

वॉल्टर शुहार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने मे १९२४ मध्ये बेल टेलिफोन समूहातल्या आपल्या वरिष्ठाला एक पानी टिपण दिलं आणि त्यात पहिला कंट्रोल चार्ट काढून दाखवला. त्याचं म्हणणं असं की कुठलीही प्रक्रिया थोडी वर-खाली होतच राहते. ते तिचं नेहमीचं हलणं. त्यात कारण शोधत बसू नका. मर्यादेबाहेर बिंदू गेला किंवा ओळीने एकाच बाजूला बिंदू पडायला लागले, तर मात्र काहीतरी खास घडलंय, ते शोधा.

यातून तुमच्या साहेबांच्या फर्मानाला पहिला आक्षेप. ‘प्रत्येक खड्ड्याला शेरा’ म्हटलं की लोक नेहमीच्या हलण्यालाही कारणं चिकटवणार. ९९.९७ चं ९९.९४ झालं, लिहा ‘लोड जास्त’. हे शेरे खोटे नसतात, पण त्यांना काही अर्थही नसतो. आणि अशा पन्नास शेऱ्यांत एक खरा शेरा बुडतो.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा. तुम्ही फक्त खड्ड्यांपाशी लिहिताय. आमच्या चार्टवर, आलेख बिघडो न बिघडो, बदल झाला की नोंद होते. शॉप फ्लोअरवर याला ‘फोर-एम चेंज’ म्हणतात: मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. ऑपरेटर बदलला, टूल इन्सर्ट बदललं, बारची नवीन हीट (पोलादाची भट्टीतली नवी खेप) लागली, कूलंट बदललं, की त्या वेळेपाशी खूण आणि एक ओळ. बिंदू सरळ रेषेत चालले असले तरी.

का, ते सांगतो. समजा तुम्ही फक्त खड्ड्यांपाशी शोधलं आणि दर वेळी आदल्या तासात एक रिलीज सापडली. झालं, ‘रिलीजमुळे होतं’. पण दिवसाला पंचवीस रिलीज असतील तर कुठल्याही क्षणाच्या आदल्या तासात एखादी सापडणारच! ज्या शेकडो रिलीजनंतर काहीच झालं नाही त्यांच्या खुणा समोर असतील तेव्हाच कळेल की हा योगायोग आहे की दोष. टिवल्याबावल्या ज्याला कुंपण म्हणतात ते या कामासाठी लागतं. रोज बघू नका, पण लागेल तेव्हा ते तिथे असायला हवं.

---

टिवल्याबावल्या

चाकणकर, हा मुद्दा मान्य. कुंपण परत लावतो, दारं ठेवून.

---

सई_डब्लिन

उशिरा येतेय. दोन-तीन गोष्टी आमच्या बाजूच्या.

वेळेचं. आमची अर्धी टीम पुण्यात, अर्धी इथे आयर्लंडमध्ये. नोंदीच्या मजकुरात ‘१४.३० आयएसटी’ असं लिहिण्यावर बंदी आहे, कारण उन्हाळ्यात इथली प्रमाणवेळही आयएसटीच, आणि दोन्हींत साडेचार तासांचा फरक. मजकुरात वेळ लिहायचीच तर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). नोंद मात्र आलेखावर योग्य जागी हवी, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या वेळेत दिसते. बाहेरच्या घटना नोंदवताना हे विशेष जपावं लागतं. १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचा बिघाड आठवतोय ना? सदोष फाइल सुटली ०४.०९ यूटीसीला, मागे घेतली ०५.२७ ला. म्हणजे भारतात शुक्रवारी सकाळी ९.३९ ते १०.५७. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. पण पट्टा फक्त सव्वा तासाचा काढलात तर आलेख समजणारच नाही. फाइल मागे घेतली तरी अडकलेलं मशीन एकेक करून हाताने सुरू करावं लागत होतं. अशा घटनेला दोन नोंदी हव्यात: मूळ दोष किती वेळ होता, आणि आपल्याकडे परिणाम किती वेळ होता.

नोंदवही कुठे ठेवायची. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या फाइल-साठवण सेवेचा व्हर्जिनिया विभाग बसला. त्यांचं सेवांची स्थिती दाखवणारं पानच एस-थ्रीवर अवलंबून होतं, त्यामुळे सुरुवातीचे जवळपास दोन तास त्यावर सेवांची खरी स्थिती टाकता येईना, ट्विटरवरून कळवावं लागलं. तुमचा ग्राफाना ज्या क्लस्टरवर (सर्व्हरच्या गटावर) चालतो त्याच क्लस्टरची तब्येत तो दाखवत असेल, तर घटनेच्या नेमक्या वेळी नोंद टाकायला जागाच नसेल. साधा शेअर्ड कागद का असेना, बाहेर ठेवा.

मोजणी बदलली की नोंद. माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित आहे. आधी दर पाच मिनिटांनी तपासायचो, आता दर मिनिटाला. मग तीन मिनिटांचे जे खड्डे पूर्वी फटीतून सुटत होते ते आता दिसू लागतात. सेवा तीच, आलेख मात्र पडलेला. किंवा उलट: कुणीतरी ‘४०४ (पान सापडलं नाही) ही चूक धरू नका’ असा बदल केला आणि महिना अचानक गोड दिसला. सहा महिन्यांनी नवा मॅनेजर येतो, तो म्हणतो, ‘मार्चपासून सुधारणा दिसते, काय केलं होतं?’ अशा ठिकाणी मोठ्या अक्षरात नोंद: इथून मोजण्याची पद्धत बदलली, डाव्या-उजव्या भागाची तुलना करू नये.

आणि आकडेच आले नाहीत तो काळ वेगळ्या रंगात. माहिती नसणं म्हणजे १०० टक्के नव्हे आणि शून्यही नव्हे.

---

फीडर_इन्चार्ज

सईताई, मोजणीचं अगदी खरं. वीज वितरणात जगभर हाच अनुभव आहे. वीज गेल्याच्या हाताने लिहिलेल्या नोंदींवरून काढलेला निर्देशांक सुंदर असतो. स्वयंचलित नोंद सुरू झाली की त्याच वर्षी तो बिघडतो, कारण पूर्वी न लिहिलेल्या ट्रिपिंगही मोजल्या जातात. ज्याने प्रामाणिक मोजणी आणली त्यालाच मग वरून विचारणा होते.

---

टिवल्याबावल्या

सगळं ठीक, पण रातपाळींचा कळीचा मुद्दा कुणी घेतलाच नाही. शेरा लिहिलेला खड्डा टक्केवारीतून वगळायचा की नाही?

मी म्हणतो का नाही वगळायचा? क्लाउडवाल्याचा अख्खा विभाग बसला, त्यात माझ्या टीमचं पाप काय? करारातही ‘आटोक्याबाहेरच्या घटना’ असं कलम असतंच.

---

सई_डब्लिन

एकाच विभागावर सगळं ठेवायचं हे कुणी ठरवलं होतं, टिवल्या? :)

---

फीडर_इन्चार्ज

या वादावर वीज क्षेत्राने बरीच वर्षं डोकं खपवलंय. त्यातून निघालेली पद्धत सांगतो, पटली तर घ्या.

आमचे दोन मुख्य आकडे. सैडी: वर्षभरात सरासरी एका ग्राहकाची वीज किती मिनिटं गेली. सैफी: किती वेळा गेली. आता एखाद्या वर्षी निसर्गसारखं चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येतं (३ जून २०२०), खांब हजारांनी आडवे होतात. त्या काही दिवसांनी वर्षाचा आकडा असा फुगतो की बाकीच्या दिवसांत काम सुधारलं की बिघडलं ते दिसतच नाही. म्हणजे वगळण्यामागे एक रास्त कारण आहे. पण कुठला दिवस ‘वादळी’ हे कंपनीने स्वतः ठरवायचं म्हटलं तर दर पावसाळा वादळीच ठरणार.

आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या १३६६ क्रमांकाच्या मानकात यावर आकड्यांचा नियम आहे. मागच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक दिवसाची सैडी घ्यायची, तिचे लॉगॅरिदम काढायचे, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत त्याचं माप) काढायचं. सरासरीच्या वर अडीच पट विचलन, तिथे रेघ. त्या रेघेवरचा दिवस तो मोठ्या घटनेचा दिवस. आकडे अपेक्षेप्रमाणे पसरलेले असतील तर वर्षाला असे सरासरी दोन-सव्वादोन दिवसच निघतात. म्हणजे हवे तितके दिवस काढून टाकायची सोयच नाही.

यातल्या दोन गोष्टी बघा. कारण काय होतं हे नियम विचारतच नाही, फक्त दिवस किती मोठा होता ते विचारतो. वादळ, ऑपरेटरची चूक, ट्रान्सफॉर्मर जळणं, सगळे एकाच मापाने. आणि ते दिवस फेकायचे नसतात, वेगळे काढून त्यांचा स्वतंत्र हिशेब द्यायचा असतो. आकडे दोन: त्या दिवसांसकट आणि त्या दिवसांशिवाय.

तेव्हा टिवल्याबावल्या, वगळा, पण शेरा लिहिलाय म्हणून नव्हे. आणि आलेखावरून पुसू नका.

---

चाकणकर

+१. शेरा लिहिल्याने खड्डा माफ होणार असेल तर शेरे लिहायला माणसं आपणहून पुढे येतील आणि प्रत्येक शेऱ्यात दोष दुसऱ्याचा असेल. आमच्याकडे रिजेक्शनच्या रकान्यात ‘सप्लायर मटेरियल’ लिहिलं की खात्यावर पडत नाही असा काळ होता. बघता बघता सगळं पोलाद खराब निघायला लागलं.

---

लोकलवासी

नियोजित देखभाल तरी वगळायलाच हवी, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. मला त्यावर नेहमी रविवारचा मेगाब्लॉक आठवतो. जाहीर केलेला असतो, पेपरात आलेला असतो, हिशेबात ‘नियोजित’ असतो, पण ठाण्याच्या फलाटावर तासभर उभ्या असलेल्याला गाडी मिळालेली नसते ती नसतेच. आम्ही आलेखावर नियोजित काळाचा पट्टा करड्या रंगात दाखवतो आणि रेषा खाली जाते तशी जाऊ देतो. कराराचा आकडा वेगळा मोजतो, तो कोपऱ्यात. ग्राहकाने एकदाही तक्रार केली नाही. उलट ‘पट्टा दोनचा होता, तुम्ही तीनला संपवलंत’ हे तो आता स्वतःच दाखवतो.

---

नूपुर_ऑन_कॉल

नोंदीत नावं लिहावीत का, हे कुणी बोललं नाही. आमचा नियम: नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, नोंदीत करणाऱ्याचं नाही. ‘अमक्याने चुकीचं कॉन्फिग टाकलं’ असं एकदा आलेखावर झळकलं की पुढच्या वेळी अमका काहीच लिहिणार नाही, आणि त्याचं बघून बाकीचेही नाही. ‘ह्यूमन एरर’ तर सरसकट बाद.

सईताईंनी दिलेलं एस-थ्रीचं उदाहरणच घ्या. तिथे एका इंजिनिअरने ठरलेल्या पद्धतीनेच कमांड चालवली होती, त्यात भरलेली एक बाब चुकली आणि हवे होते त्यापेक्षा जास्त सर्व्हर निघाले. अ‍ॅमेझॉनने जे जाहीर केलं त्यात माणसाचं नाव कुठेही नाही. हे आहे: ते साधन एका झटक्यात फार सर्व्हर काढू देत होतं. आता ते हळूहळू काढतं आणि किमान क्षमतेखाली जाऊ देत नाही. नोंद अशी असली की पुढचं काम त्यातूनच निघतं.

---

फीडर_इन्चार्ज

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

नोंद नसेल तर आलेख किती मुका असतो याचं माझ्या माहितीतलं सर्वात मोठं उदाहरण: ५ एप्रिल २०२०, रविवार, रात्री ९ ते ९ वाजून ९ मिनिटं. लॉकडाउनमध्ये पंतप्रधानांनी दिवे मालवून पणत्या लावायला सांगितलं होतं. घरगुती दिव्यांचा हिशेब करून मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात उतरली सुमारे ३१ हजार मेगावॉटने, आणि थोड्याच वेळात परत वर चढली. फ्रीक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या मध्ये सांभाळली गेली, मुख्यतः जलविद्युत संच झपाट्याने खाली-वर करून. आमच्या पिढीच्या लोकांनी त्या रात्री श्वास रोखून फ्रीक्वेन्सी पाहिली.

आता हा आलेख कोणी शीर्षक-तारखेशिवाय समोर ठेवला तर कुठलाही ग्रिडवाला शपथेवर सांगेल की एखादा मोठा प्रदेश अंधारात गेला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात तसं खरोखर झालंही होतं. मागणीची रेषा दोन्हीकडे खाली जाते. एकीकडे व्यवस्था कोसळली, दुसरीकडे व्यवस्थेने कमाल केली. रेषेला यातला फरक सांगता येत नाही.

म्हणून म्हणतो, जे चांगलं निभावलं तेही लिहा. तुमच्याकडे सणासुदीला दुप्पट गर्दी आली आणि काही पडलं नाही, तर तिथेही एक ओळ असू द्या.

---

रातपाळी

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज टीमची बैठक झाली. काय ठरलं ते लिहितो, अजून भोकं दिसली तर दाखवा.

रिलीज आणि कॉन्फिगच्या नोंदी पाइपलाइन टाकणार, मुळात लपलेल्या. (खटपट्या, १९७० मध्ये आमच्याही सापडल्या. बऱ्याच.) घटनेच्या नोंदी चॅटवरून. पहिली ओळ फक्त दिसलं ते. कारण कळलं की नवी ओळ, जुनी खोडायची नाही. मोजणीतला बदल जाड लाल रेघेने. छोट्या हेलकाव्यांना शेरा नाही. मर्यादा कुठे धरायची ते चाकणकरांच्या पद्धतीने मागच्या वर्षाच्या आकड्यांवरून काढतोय.

मागच्या महिन्यातल्या ‘डीबी स्लो, नाऊ ओके’चा खड्डा चॅट उपसून पुन्हा लिहिला, तो असा:

०२.११ – ऑर्डर सेवेत १८ टक्के विनंत्या फेल. डेटाबेस जोडण्या कमाल मर्यादेला.
०२.१९ – एक वर्कर (मागे चालणारा प्रोग्राम) बंद केला. जोडण्या उतरल्या.
०२.२४ – फेल होणं थांबलं.
११.४० – रात्रीचा रिपोर्ट जोडण्या परत देत नव्हता. आदल्या संध्याकाळच्या रिलीजमध्ये आलेला बदल.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, ‘शेवटची ओळ ग्राहकाला दाखवायची का?’ वगळण्यावरही ते अजून पूर्ण राजी नाहीत, पण दोन आकडे शेजारी शेजारी द्यायला तयार झालेत: सगळं धरून आणि कराराप्रमाणे.

शेवटच्या ओळीवर अजून भांडण चालू आहे. तुम्ही लोक ग्राहकाला आतल्या नोंदी जशाच्या तशा दाखवता का?

---

लोकलवासी

आम्ही दाखवतो. सर्व्हरची नावं आणि आयपी तेवढे काढतो. रिलीजमुळे झालं तर ‘आमच्या रिलीजमुळे’ असं लिहितो. सुरुवातीचे दोन महिने बैठका कडक झाल्या, नंतर त्या आटोपशीर व्हायला लागल्या, कारण विचारायचं फारसं उरत नाही.

---

सई_डब्लिन

आमच्याकडे दोन थर. आतली नोंद पूर्ण, बाहेरची तिच्यावरूनच पण छोटी. अट एकच: बाहेरच्या नोंदीत वेळा त्याच असल्या पाहिजेत. आत ०२.११ आणि बाहेर ०२.१५ असं झालेलं ग्राहकाच्या लॉगमध्ये लगेच पकडलं जातं, आणि मग बाकीच्या तेरा नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

---

खटपट्या

रातपाळी, दोन थर करणार असाल तर त्यासाठी वेगळा टॅग ठेवा, ‘बाहेर’ असा. ग्राहकाच्या डॅशबोर्डवर त्याच टॅगची क्वेरी लावा. मात्र ग्राहकाला ग्राफानात वेगळं ऑर्गनायझेशन (स्वतंत्र कप्पा) काढून द्या आणि त्या नोंदी तिथे एपीआयने पाठवा. एकाच ऑर्गनायझेशनमध्ये नुसता टॅग गाळून भागणार नाही, नोंदी वाचायचा अधिकार असलेल्याला आतल्याही मिळू शकतात. स्क्रिप्ट माझ्याकडे आहे, थोडी साफ करून उद्या संध्याकाळी इथेच टाकतो. मिलिसेकंदांसकट.